ठेका तोच, मशीन नवं

दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर या पट्ट्यात भजनमंडळांसोबत, लग्नाच्या आदल्या रात्रीच्या गाण्यांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि यवतमाळच्या दुर्गोत्सवात कीबोर्ड वाजवत माझं अर्धं आयुष्य गेलं. कीबोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, आमच्याकडे तो कॅसिओच. इथे मी त्याला मशीन म्हणणार आहे. या वाद्याच्या डाव्या बाजूला दोन-तीन स्वर दाबून धरले, म्हणजे कॉर्ड धरला, की आतून ढोलकी, बेस, गिटार, व्हायोलिनचा ताफा असं सगळं सुरू होतं. ती स्टाईल. ऑर्केस्ट्रा परवडत नाही अशा गावांत तिने ऑर्केस्ट्रा पोचवला, म्हणून तिच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण मॉडेल बदललं की स्टाईल बदलते, आणि स्टाईल बदलली की कालपर्यंत ओळखीचं असलेलं गाणं परकं वाटू लागतं. हे का होतं, त्यावर मी काय करत आलो, आणि त्यात मला काय काय उमगलं, ते जसं आठवतंय तसं सांगतो. तुम्ही हार्मोनियम वाजवत असाल, ढोलकी वाजवत असाल किंवा नुसते ऐकणारे असाल, तुमचाही यातला काही अनुभव असेलच.

१. स्टाईलच्या फाईलमध्ये आवाज मुळी नसतोच, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. आत असतात त्या फक्त सूचना. कुठल्या मात्रेला कोणता स्वर, किती जोरात, किती वेळ, आणि तो कोणत्या वाद्याने वाजवायचा त्या वाद्याचा नंबर. १९८३ मध्ये मिडी नावाची व्यवस्था आली, तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक वाद्यं याच भाषेत एकमेकांशी बोलतात. यामाहाच्या स्टाईलमध्ये असे आठ वाटे असतात: दोन रिदमचे, एक बेसचा, दोन कॉर्डचे, एक मागे घुमणाऱ्या पॅडचा आणि दोन फ्रेजचे, म्हणजे लकेरींचे. हे आठ वाटे वाचून प्रत्यक्ष आवाज काढायचं काम मशीनचं. पदांची एकच वही दोन गावांच्या मंडळांना दिली तर शब्द तेच राहतात आणि भजन मात्र दोन होतात, तसंच हे आहे. जुन्या मशीनमधला बेस गोल आणि मऊ असतो, नव्यातला तोच बेस अंगावर येतो. सूचनेत 'जोर इतका' असं लिहिलेलं असतं ते जुन्या आवाजाला धरून. नव्या आवाजाला तो जोर जास्त होतो. सूचनेत दिलेला वाद्याचा नंबर नव्या मशीनमध्ये नसलाच, तर ते त्यातल्या त्यात जवळचं काहीतरी वाजवतं, नाहीतर तो वाटा मुकाच राहतो. त्यामुळे पेनड्राइव्हवरून जुनी स्टाईल नव्या मॉडेलवर घेतली की मी लगेच गाणं धरत नाही. आधी एकेक वाटा एकटा ऐकतो, त्याचा आवाज खाली-वर करतो, वाद्य बदलून बघतो. एका स्टाईलला संध्याकाळ जाते. पण ती संध्याकाळ दिली की पुढची कित्येक वर्षं ती स्टाईल आपली होते.

२. इंग्रजी बाजाचा ठेका एका मशीनवरून दुसऱ्यावर सुखरूप पोचतो, आपला तबला वाटेत हरवतो. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

कीबोर्डवर ड्रम किट निवडलं की प्रत्येक पट्टीवर एक वेगळं वाद्य बसलेलं असतं. १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचं प्रमाण ठरलं आणि त्यात हे पक्कं झालं, की ३६ नंबरच्या स्वरावर मोठा ड्रम, ३८ वर स्नेअर, ४२ वर बंद हाय-हॅट. जपानमधली कंपनी असो की युरोपातली, हे बदलत नाही. म्हणून जुन्या मशीनसाठी लिहिलेला डिस्को ठेका नव्या मशीनवर घेतला तर ड्रमच्या जागी ड्रमच वाजतो. तबला, ढोलकी, ढोलक, खंजिरी यांच्यासाठी असा करार कुणी केलाच नाही. 'ना' कुठे, 'तिं' कुठे, 'गे' कुठे, हे ज्या त्या कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलं. मग होतं काय, की जुन्या मॉडेलवर नीट बसवलेला केरवा नव्यावर सुरू करावा, आणि जिथे डग्ग्याचा घुमार हवा तिथे घुंगरू वाजावेत, जिथे ढोलकीची चाट हवी तिथे टाळी. मात्रा सगळ्या बरोबर, लय बरोबर, आणि ठेका मात्र ओळखू येत नाही.

मी यावर एक वही केली आहे. नवं मशीन हाती आलं की रात्री घरातली मंडळी झोपल्यावर हेडफोन लावायचा, भारतीय किट उघडायचं आणि डावीकडच्या शेवटच्या पट्टीपासून एकेक पट्टी दाबत जायची. प्रत्येक पट्टी तीनदा दाबायची: हलकी, मध्यम, जोरात. कारण काही मशीनांत हलका 'ना' आणि जोराचा 'ना' हे दोन वेगळे बोल असतात. जो बोल ऐकू येईल तो वहीत लिहायचा. वहीच्या एका पानावर डाव्या बाजूला जुन्या मशीनचे स्वर, उजव्या बाजूला नव्याचे, आणि मध्ये बाणांच्या रेघा. काही रेघा शेजारच्या शेजारी जातात, काही पानभर तिरप्या. काही बोलांना उजवीकडे जोडीदारच सापडत नाही, तिथे मी नुसता गोल काढून ठेवतो. या वहीवरून लॅपटॉपवर स्वरांची अदलाबदल करता येते, नाहीतर मशीनमध्येच रिदमचा वाटा पुसून हाताने पुन्हा भरता येतो. मला हाताने भरलेला जास्त आवडतो. त्यात लय थोडी श्वास घेते.

भारतासाठी म्हणून खास मॉडेलं काढण्याइतकी आपली बाजारपेठ मोठी आहे. यामाहाने पीएसआर-आय४२५ काढलं, मग आय४५५, मग आय५००. कॅसिओची तर नावापुढे 'आयएन' लावलेली मालिकाच आहे. त्यांत तबला आहे, तानपुरा आहे, रियाजाची सोय आहे, आणि ते सगळं मेहनतीने केलेलं आहे. या कंपन्यांनी तबला-ढोलकीच्या बोलांच्या जागा एकदा एकत्र बसून ठरवल्या, तर गावोगावच्या वादकांनी बसवलेले शेकडो ठेके मॉडेल बदलताना मरणार नाहीत. हे काम फार मोठं नाही, मनात मात्र यायला हवं.

३. तबल्याचाही एक सूर असतो, आणि मशीनला त्याची फिकीर नसते. गाणारा म्हणतो, "भाऊ, काळी दोन द्या." ट्रान्स्पोजचं बटण दाबलं की बेस, गिटार, बासरी सगळे मुकाट्याने काळी दोनमध्ये जातात. तबला जात नाही. ड्रम किटवर ट्रान्स्पोज लागत नाही. इंग्रजी ड्रमला तशी गरजही नसते. आपल्या तबलजीने मात्र गाणं सुरू होण्याआधी हातोडीने गट्टे ठोकून षड्ज मिळवलेला असतो. जुन्या मशीनांत तबल्याचा नाद इतका कोरडा होता की ही विसंगती फारशी जाणवत नसे. नव्यात खरा तबला सुंदर रेकॉर्ड करून भरलेला असतो, त्याची आस लांबवर राहते, आणि म्हणूनच तो सुराला नसला की कानाला जास्त लागतो. काही नव्या मॉडेलांत किटमधल्या एकेका बोलाचा सूर वर-खाली करता येतो. तेवढं एक शिकून घेतलं की काळी एक, काळी दोन आणि पांढरी चार अशा तीन पट्ट्यांसाठी एकाच केरव्याच्या तीन प्रती करून ठेवता येतात. माझ्याकडे आहेत.

४. नव्या मशीनमध्ये भर घालण्यापेक्षा काढून टाकायला जास्त शिकावं लागतं. जुन्या स्टाईलमध्ये ठेका, बेस आणि मधूनमधून वाजणारा एखादा कॉर्ड एवढंच असायचं. ती गरिबी होती, पण त्या गरिबीत गाणाऱ्याला जागा होती. नव्या स्टाईलमध्ये दोन गिटार, स्ट्रिंग्ज, वर एक पियानोची लकेर, मागे घुमत राहणारा पॅड. दुकानात ऐकलं की माणूस हरखून जातो. मीही हरखलो होतो, आणि त्यात गैर काही नाही.

धामणगाव देवला मुंगसाजी महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्या दिंड्यांतले एक आबाजी आमच्या मंडळात गात. आवाज थकलेला, पण शब्द असे टाकत की ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे जात नसे. नवं मशीन घेऊन मी त्यांच्या मागे बसलो त्या रात्री अभंग संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लय सुंदर वाजते भाऊ तुमचं. फक्त आमाले शब्द टाकाले जागा ठेवजा." रागावून नाही, मायेनेच म्हणाले. त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. तेव्हापासून माझी रीत अशी आहे: नवी स्टाईल घेतली की आधी दोन्ही फ्रेजचे वाटे बंद. मग पॅड बंद. मग दुसरा कॉर्ड. उरलेल्या चार वाट्यांवर गाणं म्हणून बघायचं. गाणं उघडं पडल्यासारखं वाटलं तरच एखादा वाटा परत सुरू करायचा, तोही आवाज अर्ध्यावर आणून. बहुतेक अभंगांना चार वाटे पुष्कळ होतात. हळदीच्या रात्रीच्या गाण्यांना आठही लागतात, तिथे कंजूसपणा कामाचा नाही.

मराठी भावगीतांच्या सुवर्णकाळातली गाणी यासाठी मी पुन्हा लक्ष देऊन ऐकली. अनिल मोहिले, इनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या संयोजकांची कामं ऐका. हाताशी व्हायोलिनांचा ताफा असूनही वाद्यं शब्दांवर चढत नाहीत. ओळ संपते, गायक श्वास घेतो, त्या श्वासाच्या जागेत वाद्य येतं आणि पुढचा शब्द यायच्या आत बाजूला होतं. स्टाईलला हे कळणं शक्य नाही, कारण ओळ कुठे संपते हे तिला ठाऊक नसतं. ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून मुखडा चालू असताना स्टाईलचा साधा तुकडा, 'मेन ए', आणि ओळीनंतरच्या रिकाम्या जागी भरलेला तुकडा, 'मेन सी', असं मी हाताने बदलत राहतो. उजव्या हाताने गाणं, डाव्याने कॉर्ड आणि मधूनच बटण, सवयीने जमतं.

५. गिटारच्या वाट्यातून गिटारऐवजी खरखर येऊ लागली की समजावं, फाईल नव्या मशीनची आहे आणि मशीन जुनं. यामाहाने २००२ च्या टायरोस मॉडेलसोबत मेगाव्हॉइस आणले. त्यात स्वर किती जोराने दाबला जातो यावर आवाजाची जातच बदलते: एका जोराला मोकळी तार, दुसऱ्याला दाबलेली, आणखी जोराला तारेवरून घसरणारं बोट. २००८ च्या टायरोस ३ पासून स्टाईलची फाईलही नव्या घडणीची झाली, आणि तिच्यात गिटारचे कॉर्ड खऱ्या गिटारवर बोटं बसतील तसे मांडायची सोय आली. ज्या मशीनमध्ये हे आवाजच नाहीत ते बिचारं त्या सूचना साध्या गिटारवर वाजवतं आणि आपण कपाळाला हात लावतो. उपाय सोपा आहे: तो वाटा बंद करा, किंवा तिथे दुसरं वाद्य द्या. मुलं मोबाईलवर एकमेकांना स्टाईलच्या फाईली पाठवतात, त्यांना मी एवढंच सांगतो, की फाईल कोणत्या मॉडेलसाठी केली आहे ते आधी विचारत जा.

६. आपल्या गाण्याचा राग डाव्या हाताला सांभाळावा लागतो. स्टाईल बनवताना तिचे सगळे सुरेल वाटे साधारणपणे सी मेजर सेव्हन या कॉर्डवर लिहिलेले असतात. आपण दुसरा कॉर्ड धरला की मशीन आतल्या कोष्टकावरून स्वर हलवतं. सिनेमातल्या गाण्यांसाठी हे उत्तम चालतं. पण कार्यक्रमाच्या शेवटी भैरवी येते, आणि भैरवीत रिषभ कोमल. आपण मायनर कॉर्ड धरलेला असतो, गंधार बरोबर कोमल होतो, आणि तेवढ्यात मागची फ्रेज शुद्ध रिषभाला शिवून येते. ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण भैरवीचा डोळ्यांत पाणी आणणारा जो गुण आहे तो निघून जातो.

जुन्या मशीनमध्ये फ्रेजच कमी असल्यामुळे हा प्रसंग क्वचित येई. नव्यात तो नेहमीचा. मला याचं उत्तर पुस्तिकेतल्या कॉर्डच्या तक्त्यात तळाशी सापडलं. यामाहाच्या मशीनांत फक्त षड्ज आणि पंचम धरला, म्हणजे मधला गंधार सोडून दिला, तर सगळी साथ त्या दोन स्वरांवरच चालते. मेजर नाही, मायनर नाही. नुसते दोन षड्ज, खालचा आणि वरचा, धरले तर साथ फक्त षड्जावर राहते. म्हणजे तानपुराच झाला की हो! तक्त्याच्या तळाशी असल्यामुळे तिकडे कुणाची नजर जात नाही. अभंग, गवळण, भैरवी, सगळीकडे मी आता असंच धरतो. कॉर्ड शिकवणाऱ्यांना ते अर्धवट वाटेल, पण आपल्या गाण्याला तेच पुरतं. हे वाद्य आपल्या गाण्याला चालेल का, असा प्रश्न एके काळी हार्मोनियमबद्दलही विचारला गेला होता. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दूर ठेवलं, कारण तिचे ठोकळेबाज स्वर आपल्या गाण्याला मानवत नाहीत असं म्हणणं होतं. तरी ती आज प्रत्येक भजनात आहे, कारण वाजवणाऱ्यांनी तिला वळवून घेतलं.

७. गाणारा मशीनच्या मात्रा मोजत नाही, आणि त्याने मोजूही नयेत. भजनात ओळ किती वेळा घोळवायची हे त्या क्षणी ठरतं. कुणी भावनेच्या भरात अर्धी मात्रा आधी उचलतो, कुणी शब्द लांबवतो. ढोलकीवाला हे डोळ्यांनी बघतो आणि एका थापेत गाणाऱ्याला समेवर घेऊन येतो. जुनं मशीन तसं करू शकत नव्हतं. नव्यांतल्या काही वरच्या मॉडेलांत टॅप टेंपोचं बटण दाबलं की चालू ठेका पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरू होतो. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतली आपल्या कामाची सगळ्यात मोठी सुधारणा ही, आणि जाहिरातीत तिचा उल्लेखही नसतो.

पण याच विषयाची दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मशीनमध्ये चांगली ढोलकी आली तसे आयोजक विचारू लागले, "ढोलकीवाला आणायलाच पाहिजे का?" पैसे वाचतात हे खरं. ज्याच्या घरी दोन पिढ्या ढोलकी आहे, जो दिवसा जिनिंगवर हमाली करून रात्री वाजवायला येतो, त्याची बिदागी वाचते. मी अशा ठिकाणी स्पष्ट सांगतो, की आम्ही दोघं येऊ, आणि लागलं तर माझ्यातले थोडे त्याला द्या. हा उपकार नाही. तो असला की गाणं चढतं, हे मला रोज दिसतं. तो सोबत असेल तेव्हा मी रिदमचे दोन्ही वाटे बंद करतो. सुरुवातीला बेस चालू ठेवत असे, पण मग ढोलकीला मशीनच्या बेसमागे धावावं लागतं आणि तिचा जीव जातो. आता स्टाईलच पूर्ण बंद आणि बेस डाव्या हाताने. कष्ट जास्त आहेत. पण ढोलकीवाल्याने मान हलवून इशारा केल्यावर दोघं मिळून लग्गी धरतो, तेव्हा मंडपातली मागची रांगसुद्धा टाळी देते. हे समाधान कुठल्याही बटणावर नाही.

८. लाईट जाणार हे धरूनच चालावं. जुन्या छोट्या मॉडेलांत मोठ्या आकाराचे सहा सेल बसायचे. लाईट गेली तरी ठेका चालू राहायचा, आणि गॅसबत्तीच्या उजेडात पुढचं पद सुरू व्हायचं. वरच्या नव्या मॉडेलांत सेलची सोयच नसते. लाईट गेली की सगळं ठप्प, आणि आली की मशीन मूळपदावर. म्हणून प्रत्येक गाण्याची मांडणी, म्हणजे कोणती स्टाईल, कोणते वाटे बंद, कोणती पट्टी, लय किती, हे सगळं रजिस्ट्रेशन मेमरीत ठेवावं. लाईट आल्यावर एका बटणात गाणं जागेवर येतं. आडवळणाच्या गावी जाताना मी अजूनही जुनं मशीन बरोबर घेतो.

९. घरी हेडफोनवर जे ऐकू येतं ते मंडपात ऐकू येत नाही. नव्या स्टाईली डावा-उजवा कान वेगळा धरून सजवलेल्या असतात. मंडपात सगळा आवाज एकाच वाटेने भोंग्यांत जातो. तिथे पॅड चिखल होतो, बेस ऐकू येत नाही, झांज तेवढी डोक्यात जाते. दोन जॅक असलेल्या मशीनला एकच वायर जोडायची असेल तर ती डाव्या जॅकला, जिथे 'मोनो' असं लिहिलेलं असतं तिथे जोडावी, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र येतात. उजव्याला जोडली तर अर्धी वाद्यं गायब.

१०. मशीन जातं, ठेका उरतो. हे मला जमैकातल्या एका गोष्टीने पटवलं. कॅसिओने १९८१ मध्ये एमटी-४० नावाचं लहानसं, घरगुती मशीन काढलं. त्यातल्या तयार ठेक्यांपैकी 'रॉक' नावाचा एक, कंपनीत नव्यानेच लागलेल्या हिरोको ओकुदा या तरुणीने बसवला होता. १९८५ मध्ये जमैकात वेन स्मिथ या गायकाने तोच ठेका घेऊन 'स्लेंग टेंग' हे गाणं केलं, निर्माता होता किंग जॅमी. त्यानंतर त्या ठेक्यावर तिथे इतकी गाणी झाली की जमैकाच्या संगीताचा रोखच इलेक्ट्रॉनिककडे वळला. ते मॉडेल केव्हाच बाजारातून गेलं. ठेका आजही वाजतो आहे. आपल्याकडेही चरणजित सिंग या वादकाने १९८२ मध्ये रोलँडच्या मशीनच्या ठेक्यावर दहा राग रेकॉर्ड केले आणि त्यांची तबकडी काढली होती. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. पुढे परदेशातल्या रसिकांनी ती शोधून काढली आणि डोक्यावर घेतली. हे वाचलं की मला उमेद येते. दिग्रसच्या एखाद्या घरात बसून भरलेला ठेकासुद्धा कुठे जाऊन वाजेल, कोण सांगावं.

११. आपल्या मातीतले ठेके कुठल्याच मशीनमध्ये नाहीत, ते आपल्यालाच भरावे लागणार आहेत. जुन्या मॉडेलांत दादरा-केरवा होता. नव्यांत भांगडा आहे, गरबा आहे, लावणीसारखंही काही सापडतं. पण तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी नाही. महाराज १९६८ मध्ये गेले, आणि आजही विदर्भातल्या गावागावांत गुरुदेव सेवा मंडळांची खंजिरी भजनं होतात, स्पर्धा होतात. त्या खंजिरीचा वेग आणि मधेच एकदम थांबून पुन्हा उसळणं कुठल्याही तयार स्टाईलमध्ये बसत नाही. मारेगाव, झरी, केळापूरकडच्या कोलामांची दंडार नाही, ढेमसा नाही. पुसद-दिग्रसच्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी म्हणतात, तिचा डफ नाही. पोहरादेवीला २०२४ मध्ये बंजारा समाजाचं संग्रहालय उघडलं, त्याची इमारतच नंगाऱ्याच्या आकाराची आहे. मशीनमध्ये नंगारा अजून आला नाही.

म्हणून मी हे काम हाती घेतलं आहे. तांड्यावरच्या ओळखीच्या मंडळींकडे जायचं, त्यांना विचारून, त्यांच्या सवडीने डफाच्या थापा वेगवेगळ्या रेकॉर्ड करायच्या: बोटांची, पंजाची, काठावरची. ज्या नव्या मॉडेलांत बाहेरचा आवाज भरायची सोय आहे त्यांत त्या भरायच्या, आणि मग रिदमचा वाटा हाताने वाजवून साठवायचा. पहिला ठेका बसवून मी तिथल्या एका नाईकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "थाप आमची आहे, चाल आमची नाही. आमी अशे घड्याळावर नाही वाजवत." त्यांचं खरं होतं. गाणं चढत जातं तशी लेंगीची लय चढते, आणि स्टाईलची लय आकड्याला बांधलेली. आता एकाच ठेक्याचे चार तुकडे मी वेगवेगळ्या भरणीचे करतो आहे, म्हणजे मेन ए पासून डी पर्यंत थापा दाट होत जातील आणि लय मी हाताने वाढवत नेईन. 'बी' पर्यंतचं त्यांना पटलं आहे. 'सी'मधली काठावरची थाप अजून जरा मागे पडते, ती पुढे ओढायची आहे. होळीच्या आधी पुन्हा तांड्यावर जाणार आहे. या खेपेला त्यांनी डफ वाजवणाऱ्या पोरांनाही बोलवून ठेवलंय.